आपल्या मापाचा लॅपटॉप

— द्वितीय वर्ष, कला

'आजचे युग हे संगणकाचे युग आहे' हे वाक्य मी शाळेत असल्यापासून निबंधात लिहीत आलो. निबंध लिहिताना त्या संगणकाची किंमत विचारण्याचा प्रसंग कधी आला नाही. तो गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आला. प्रकल्प टंकलिखित हवा, टिपणे ई-मेलने पाठवा, सादरीकरण पडद्यावर करा, अशा सूचना फलकावर लागू लागल्या होत्या. मोबाईलवर अंगठ्याने वीस पाने लिहिता लिहिता माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा आईने बचत गटातून तीस हजारांचे कर्ज उचलले. व्याज शेकडा दोन, तेही महिन्याला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; त्यामुळे हे यंत्र पारखावे कसे, हे सांगणारे घरात कोणी नव्हते.

जिल्ह्याच्या गावी दुकानात गेलो. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "बजेट किती?" तीस म्हटल्यावर त्याने चाळीसचे दाखविले, मग बावन्नचे, आणि वर हप्त्यांचा कागद पुढे सरकविला. "यावर मोठे गेमसुद्धा चालतात," तो म्हणाला. मी काम कोणते करणार, हे मात्र त्याने विचारले नाही. ते घरी आल्यावर अण्णांनी विचारले. "यावर तू करणार काय? आणि हे रोज वाहून कोण नेणार?" अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण बैल घेताना माणूस आधी आपले रान बघतो, मग घरची वैरण बघतो आणि त्यानंतर बैलाचे दात बघतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. दोन एकर कोरडवाहूला खिल्लारी जोडी परवडत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की, कला शाखेच्या विद्यार्थ्याने लॅपटॉपही याच क्रमाने घ्यावा. आधी काम, मग पाठीवरचे ओझे आणि खिसा, आणि यंत्राची ताकद त्यानंतर.

ताकद, वजन आणि किंमत यांचा हा तिढा काही आजचा नाही. अ‍ॅलन के या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली 'डायनाबुक' नावाच्या वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली. वजन चार पौंडांहून, म्हणजे सुमारे १.८ किलोहून कमी आणि किंमत ५०० डॉलरच्या आसपास, असे त्याने धरले होते. विशेष म्हणजे हे यंत्र त्याने मुलांसाठी कल्पिले होते! पुढे १९८१ साली 'उचलून नेता येणारा' म्हणून ऑस्बर्न-१ बाजारात आला, तो भरला सुमारे ११ किलो. आपल्या सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा टॅबलेट आणला. तो हलका होता, स्वस्तही होता; पण मंद चालतो आणि बॅटरी टिकत नाही, अशा तक्रारी झाल्या आणि पुढच्याच वर्षी सुधारलेला 'आकाश-२' आणावा लागला. एक टोक ओढले की दुसरे सुटते, ते असे.

आता आपले काम पाहू. मराठीत लेखन करणे, पीडीएफ वाचणे, सादरीकरण करणे, एखादे व्याख्यान ऐकणे. युनिकोड मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो आणि लेखनासाठी लिबरऑफिस फुकट मिळते. या कामाला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. लागते ती ८ जीबी रॅम आणि एसएसडी. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल, तर यंत्र जागे होईपर्यंत चहा पिऊन होतो. उलट, स्वस्त म्हणून ४ जीबी रॅमचे यंत्र घेणे हीसुद्धा चूकच. विंडोज ११ ची किमान गरजच ४ जीबी आहे. मग आपल्या कामाला उरते काय? शिवाय पुष्कळ यंत्रांत रॅम बोर्डालाच पक्की जोडलेली असते, ती मागाहून वाढविता येत नाही.

ओझ्याचे म्हणाल, तर गेमसाठी बनविलेले यंत्र सव्वादोन-अडीच किलोंचे, आणि त्याचा चार्जर अर्ध्या किलोच्या आसपास. मी रोज सकाळी दोन किलोमीटर चालून एस.टी. गाठतो आणि बहुधा उभ्यानेच येतो. चौदा इंची साधे यंत्र दीड किलोच्या आसपास असते. हा किलोभराचा फरक दुकानात कळत नाही, तो एस.टी.त एका हाताने दांडी धरून उभे राहिल्यावर कळतो. माझ्या मामेभावाने हप्त्यांवर घेतलेले असेच जड यंत्र आता टेबलावरून हलत नाही. हप्ते मात्र चालू आहेत.

शेवटी मी जुने यंत्र घेतले. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. 'आय-फाइव्ह आहे' एवढ्यावर भुलू नये. कितव्या पिढीचा, ते विचारावे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक सर्व प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्याआधीचे यंत्र स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेच, तर त्यात लिनक्स घालून वापरावे. मला आठव्या पिढीचे, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीचे यंत्र एकोणीस हजारांत मिळाले. बॅटरी थकलेली निघाली, त्यात आणखी बावीसशे गेले. झाकणावर ओरखडा आहे. "भंगारातून आणलास काय?" असे वर्गात एकाने विचारलेही. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण उरलेल्या पैशांतले आठ हजार आईने त्याच महिन्यात गटात परत भरले, आणि संध्याकाळी बारावीतली बहीण त्याच यंत्रावर अभ्यास करते.

आता प्राध्यापकांना एक नम्र विनंती. प्रवेशाच्या वेळीच, या वर्गाला कोणते काम पडते आणि त्यासाठी केवढे यंत्र पुरते, हे एका कागदावर लिहून फलकावर लावावे. त्या एका कागदाने कितीतरी घरांचे हप्ते वाचतील. दुसरे, संगणक कक्ष संध्याकाळी शेवटच्या एस.टी.च्या वेळेपर्यंत उघडा ठेवावा. ज्याच्या आईला कर्ज द्यायला गटही तयार नाही, अशा मित्राला माझा हा सारा उपदेश काय कामाचा? त्याला कक्षातले यंत्रच हवे.

आणि मित्रहो, दुकानात "बजेट किती?" असे विचारले, की आकडा सांगण्याआधी आपले काम सांगावे. मला ते सांगायला शिकण्यासाठी जिल्ह्याच्या गावी दोन खेपा घालाव्या लागल्या.