रोपाचा गळा मातीखाली नको

वृक्षारोपणाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. परंतु रोप जमिनीत नेमके किती खोल लावावे, या साध्या प्रश्नाला त्या लिखाणात क्वचितच जागा मिळते. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून पावसाळा आला की लावलेल्या रोपांचे आकडे प्रसिद्ध होतात. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांसाठी तर ५० कोटी रोपांचे उद्दिष्ट ठरले होते. रोपे मोजणे सोपे असते. चार बोटांची खोली मोजण्याचे मात्र कोणी मनावर घेत नाही. झाडाचे आयुष्य पुष्कळदा त्या चार बोटांवरच ठरते, असे माझे मत आहे.

खोड जेथे संपते आणि मुळे फुटू लागतात, तेथे बुंधा किंचित रुंदावलेला असतो. मराठीत त्यास खोड-मुळाचा सांधा म्हणावे. मला ‘रोपाचा गळा’ हा शब्द अधिक बोलका वाटतो. या गळ्याच्या वरची साल हवेत राहण्यासाठी बनलेली आहे, खालची मातीत राहण्यासाठी. खोडाची साल सतत ओल्या मातीत पुरली गेली की तिला बुरशी लागते व ती कुजते. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू हवा असतो, आणि तो मातीच्या वरच्या थरात विपुल असतो. खोल गाडलेले रोप म्हणूनच गुदमरते. कधी त्याची मुळे वर वळून खोडाभोवती फास टाकतात. असे झाड लगेच मरत नाही; काही वर्षे कसेबसे उभे राहते आणि मग एकाएकी वाळते. तोवर लावणाराही विसरलेला असतो आणि आकडाही जुना झालेला असतो. दोष उन्हाला दिला जातो.

उलट, रोप फार वर लावले तर मुळे उघडी पडून सुकतात. तेव्हा नियम एकच : गळा जमिनीच्या पातळीस असावा.

यावर जयपूरचा माणूस शंका घेईल. तेथे वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच. पुढे रेताड मातीचा वरचा थर झपाट्याने सुकतो. अशा ठिकाणी खोल लावणे शहाणपणाचे नव्हे काय? शेजारच्या सीकर जिल्ह्यातील दांता गावचे शेतकरी सुंडाराम वर्मा यांनी तसेच केले आहे. पावसाळ्यात खोल नांगरट करून जमिनीतील ओल राखावयाची, पावसाळा सरताच रोपाची मुळे सुमारे २० सेंटिमीटर खाली जातील असे ते लावावयाचे आणि एक लिटर पाणी द्यावयाचे, अशी त्यांची रीत आहे. या कार्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तथापि, या रीतीने वरील नियम खोटा ठरत नाही. उलट त्यामागील कारण स्पष्ट होते. तेथे खोडाभोवतीची रेती कोरडी व हवेशीर राहते, म्हणून साल कुजण्याचे भय थोडे. तेच रोप त्याच खोलीवर शहरातील रस्त्याकाठी लावले आणि त्यास वरचेवर पाणी घातले, किंवा विदर्भाच्या चिकण काळ्या मातीत लावले, तर परिणाम उलटा होईल. रीत उचलताना तिची माती आणि तिचे पाणीही ध्यानात घ्यावयास हवे.

कोरड्या प्रदेशात पाणी साठविण्यासाठी रोप खोलगट आळ्यात लावतात, ते योग्यच आहे. मात्र गळा त्या आळ्याच्या तळाशी समपातळीत असावा, आणि वाऱ्याने वा पाण्याने आत येणारी माती वेळोवेळी काढावी. खेजडीसारख्या झाडांची मुळे पुष्कळ खोल जातात हे खरे. पण ती आपली आपण जातात, त्यांसाठी रोप गाडावे लागत नाही.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. पिशवी कापून काढावी. पिशवीतच मातीचा थर गळ्यावर चढलेला असतो. तो पहिले मूळ दिसेपर्यंत बोटांनी सारावा. मोठा खड्डा खणून भुसभुशीत मातीने भरला असेल, तर ती दाबून व पाणी देऊन आधी बसू द्यावी. नाहीतर पहिल्या पावसात माती खचते आणि रोप तिच्यासवे खाली जाते. मग खड्ड्याच्या तोंडावर आडवी काठी ठेवून गळा तिच्याशी जुळवावा. आळे केले असल्यास काठी आळ्याच्या तळावर टेकवावी. आंब्याच्या कलमाचा जोड तर नेहमी मातीच्या वरच राहिला पाहिजे. सवाई जयसिंगाने सूर्याची सावली मोजण्यासाठी जेथे सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र उभारले, त्या नगरीत एका काठीचे माप जड वाटू नये.

मोठ्या झाडांचा गळाही आपण आवळतोच. बुंध्याला भिडवून फरशी व काँक्रीट घालण्याची चाल सर्वत्र आहे. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. इतर नगरांनी तशा आदेशाची वाट का पाहावी?

आमच्यासारख्या भाषांतरकारांवरही येथे एक जबाबदारी येते. ‘योग्य खोलीवर लावावे’ असे मोघम वाक्य छापून वाचकाच्या हाती काहीच पडत नाही. गळा कोठे असतो आणि तो कसा ओळखावा, हे वृक्षारोपणाच्या प्रत्येक पुस्तिकेत पहिल्याच पानावर, चित्रासह, असले पाहिजे. आणि रोपांची गणना लावण्याच्या दिवशी न करता तिसऱ्या पावसाळ्यानंतर करावी. तो आकडा लहान असेल. परंतु त्यातील प्रत्येक अंकामागे एक जिवंत झाड असेल.