उष्ट्या घराची बाजू

कोल्हापुरात कुणी घराचा विषय काढला की समोरच्याचा पहिला प्रश्न येतो, "जागा कुठं बघितलीस?" घर कुठं बघितलंस, असं कुणी विचारत नाही. माणूस बांधणार हे धरूनच चाललेलं असतं. आणि कुणी चुकून म्हणालं की बांधलेलं, राहतं घर विकत घेतोय, तर हातातला कप खाली ठेवून सल्ला येतो, "कशाला दुसऱ्याचं उष्टं? दोन गुंठे घे आणि मनासारखं बांध की."

गेल्या दिवाळीत आक्काच्या घरी हाच विषय रंगला. भाचा गोकुळ शिरगावला नोकरी करतो, लग्नाला चार वर्षं झाली, भाड्याच्या घराला कंटाळलाय. दाजी म्हणाले बांध, शेजारचे म्हणाले बांध, त्याचा मित्र तर एका प्लॉटचा नकाशा मोबाईलमध्ये घेऊनच आला होता. मी म्हणालो, "बांधू नकोस. जुनं घर घे." तांबड्या रश्शात साखर घाला म्हणाल्यावर जसं बघतील, तसं सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी स्वतः बांधलेल्या घरात राहतो. त्यामुळं हे कोल्ह्याचं 'द्राक्षं आंबट' नव्हे. द्राक्षं खाऊन झालीत, दात अजून आंबलेत.

बांधा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात लाडका आधार म्हणजे ती म्हण: घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. दाजींनीही तीच फेकली. पण म्हण नीट ऐकावी. 'घर बांधावं' असं ती म्हणत नाही, 'पाहावं बांधून' म्हणते. ऐकत नसलेल्या पोराला आई ज्या सुरात म्हणते, "लाव, लाव तव्याला हात, मग कळंल," तोच हा सूर. बांधणाऱ्याची आणि लग्न काढणाऱ्याची काय दशा होते, ते भोगलेल्या माणसानं करून ठेवलेली ही म्हण आहे. आपण ती आमंत्रणपत्रिकेसारखी वाटत सुटलोय.

दुसरा मुद्दा, बांधलं की स्वस्त पडतं. हा हिशेब नेहमी एकाच पद्धतीनं केलेला असतो: इतके चौरस फूट गुणिले इतका दर. या गुणाकारात कंपाउंड नसतं, गेट नसतं, बोअर नसतं, सेप्टिक टँक नसते. जागा रस्त्यापेक्षा खाली निघाली तर घालावा लागणारा भराव नसतो. परवानगीचं शुल्क, आर्किटेक्टची फी, विजेचं मीटर नसतं. बांधकाम चालू असताना भाडंही भरायचं आणि बँक टप्प्याटप्प्यानं सोडते त्या कर्जाचं व्याजही, हे तर कुणी तोंडातून काढतच नाही. उलट कोल्हापुरातल्या जुन्या गल्लीत घर विकायला निघतं तेव्हा घासाघीस बहुतेक जागेच्या भावावर होते. "घर काय, पाडायचंच की हो," असं गिऱ्हाईकच म्हणतं, आणि मालकही ते निम्मं मान्य करून बसलेला असतो. म्हणजे भिंती, जोतं, नळाची जोडणी, मीटर, घरफाळ्याचं खातं हे सगळं जागेच्या भावात मिळतं. ज्याला ते पाडायचं नाही, त्याच्यासारखा नफ्यात कोण? शिवाय जुन्या राहत्या घराच्या खरेदीवर जीएसटी नाही. बांधणारा मात्र सिमेंटच्या पोत्यापासून नळाच्या तोटीपर्यंत तो भरत राहतो. घर बायकोच्या नावावर केलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे, तीही राहत्या घराला, मोकळ्या प्लॉटला नाही.

तिसरा मुद्दा ऐकायला सगळ्यात गोड: आपल्या डोळ्यांसमोर बांधलं म्हणजे पक्कं.

माझ्या स्लॅबचा दिवस मला तासातासानं आठवतो. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता, पावसाच्या आत स्लॅब पडायलाच हवा होता. सकाळी सातला मिक्सर आला, नारळ फुटला, बिगाऱ्यांची साखळी उभी राहिली आणि पाट्या वर जाऊ लागल्या. मी कोपऱ्यात छत्री धरून उभा. साडेदहाला ऊन चढलं, माल घट्ट व्हायला लागला, तसं मिक्सरवाल्यानं ड्रममध्ये एक बादली पाणी जादा ओतलं. मला ते दिसलं. मी विचारलंही. गवंडी म्हणाला, "साहेब, पसरायला बरं पडतंय." सिमेंटच्या मानानं पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद घटते, ते जादा पाणी उडून गेलं की मागं बारीक पोकळ्या राहतात आणि पुढं तिथूनच ओल सळईपर्यंत पोचते, हे मी नंतर वाचलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की सेंट्रिंगवर वीस माणसं उभी आहेत, माल सुकतोय आणि काम थांबवायची माझी हिंमत नाही. "सगळ्यांना चहा सांगू का?" एवढंच मी म्हणालो. पुढं तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ स्लॅबवर आळी करून पाणी भरलं, ऑफिसला उशीर करून भरलं. तिसऱ्या पावसाळ्यात हॉलमधल्या पंख्याच्या हुकाभोवती ताटाएवढा डाग उमटला. आजही पाहुणे आले की मी त्यांना दुसऱ्या खुर्चीवर बसवतो.

डोळ्यांसमोर बांधलं होतं, खरंय. पण डोळ्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. आणि ज्याला सगळं कळतं, त्याची तरी झोप कुठं शाबूत राहते? आपला न्यू पॅलेस १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिला. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेसही त्यांचाच. राजवाड्यांमागून राजवाडे आखणारा हा माणूस, पण आपली गणितं चुकलीत आणि इमारती कोसळणार या धास्तीनं त्याला ग्रासलं होतं, असं सांगतात. १८८१ मध्ये, न्यू पॅलेस पुरा व्हायच्या आतच, ते वारले. पॅलेस काळ्या दगडात अजून उभा आहे, त्याला काही झालेलं नाही. मँट साहेबांची ही गत, तर दोन गुंठ्यांवर वरखाली करणाऱ्या आमच्यासारख्यांनी काय बघायचं?

जुन्या घराची परीक्षा होऊन गेलेली असते. चाळीस पावसाळे खाल्लेला स्लॅब जिथं गळायचा तिथं गळून चुकलाय, जोतं जिथं बसायचं तिथं बसलंय, भेग कुठं पडते ते सगळ्या गल्लीला माहीत असतं. निकाल लागलेला पेपर आहे तो. फक्त वाचता यायला हवा.

आता चौथा मुद्दा, आणि यात दम आहे: जुन्या घरांच्या कागदांचा गुंता. मान्य. पेठेतलं घर म्हटलं की आजोबांच्या नावची मिळकत पत्रिका, तीन भाऊ, त्यातला एक पुण्यात, एकाचं नावच लागलेलं नाही, आणि 'बहिणींनी सोडलंय हो' असं तोंडी आश्वासन. बहिणींनी तोंडी सोडलेलं काही चालत नाही. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. तेव्हा प्रत्येक बहिणीची सही किंवा नोंदलेलं हक्कसोडपत्र, आणि ३० वर्षांचा सर्च, याशिवाय विसार द्यायचा नाही.

पण मोकळ्या जागेचे कागद सोपे, हे कुणी सांगितलं? शहराची हद्द १९७२ पासून आहे तिथंच आहे. माणसं मात्र हद्दीबाहेर पसरली, आणि भोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये प्राधिकरण काढावं लागलं. या पट्ट्यात प्लॉट म्हणून जे विकलं जातं, ते कधी शेतीचा तुकडा असतो, कधी गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेला, ज्याच्यासाठी २००१ चा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत पुढं ढकलावी लागली. कधी भोगवटादार वर्ग दोनची जमीन, सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी. आणि हा अंबाबाई-जोतिबाचा मुलूख आहे, देवस्थान इनामाच्या जमिनी इथं गावोगाव आहेत. त्या वहिवाटदाराला विकता येत नाहीत, पण स्टँपवर लिहून देणारे भेटतात. जुन्या घराचा गुंता माणसांचा असतो, माणसांना वकिलाच्या टेबलाभोवती बसवता येतं. देवाला कुठं बसवणार?

आणखी एक. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, पुढं जयसिंगपूर वसवलं, तेव्हा आधी रस्ते आखले गेले आणि मग घरं आली. राजारामपुरीच्या गल्ल्यांना अजून आकडे आहेत. आज बाहेरच्या बाजूला आधी घर येतं, मग त्याला रस्ता सुचतो, आणि गटार कुणाच्याच डोक्यात येत नाही. माझ्या दारात पहिली पाच वर्षं जून ते सप्टेंबर गाडी येत नव्हती, टँकर मात्र उन्हाळाभर यायचा. 'मनासारखं घर' म्हणतात ते चार भिंतींच्या आत असतं हो. दाराबाहेरचं सगळं दुसऱ्यांच्या मनासारखं.

पण माझा खरा मुद्दा पंचगंगेचा आहे.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०१९ ला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती पाण्यात गेल्या, महामार्ग शिरोलीला बंद पडला, आणि उपसा केंद्रंच बुडाल्यानं चहूकडं पाणी असून नळ कोरडे राहिले. सरकारी नकाशात निळी रेषा आहे, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा आहे, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. महापूर आले २००५, २०१९, २०२१ ला. पंचगंगेला हे गणित कुणी शिकवलेलं दिसत नाही.

प्लॉट माणूस कधी बघतो? एप्रिलमध्ये. सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी, वारं सुटलेलं असताना. जमीन खडखडीत असते, चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात, कोपऱ्यात विक्रीवाल्यानं एक नारळाचं रोप लावलेलं असतं. तिथं पाणी कुठवर येतं याची साक्ष द्यायला कुणी नसतं. भराव टाकलेला असेल तर जमिनीचंही तोंड बंद. घर मात्र साक्ष देतं. कपाट सरकवलं की मागच्या भिंतीवर गढूळ रेघ दिसते. नवा रंग दिलेला असला तरी दाराच्या लाकडी चौकटीचा खालचा भाग फुगलेला असतो, विजेची बटणं नको इतकी वर नेलेली असतात, माळ्यावर शिडी कायमची लावलेली असते. रंगारी भिंतीला गप्प करू शकतो, चौकटीला नाही.

यावर कुणी चिखली-आंबेवाडीचं उदाहरण देईल. १९८९ च्या पुरानंतर त्या गावांना सोनतळीला जागा दिल्या गेल्या, तरी गावं पुरती हलली नाहीत आणि प्रत्येक महापुरात जुनी घरं पाण्यात. मग जुन्या घराचं कौतुक कशाला? पण मी जुनं घर चांगलंच असतं असं म्हणतच नाही. ते लपवाछपवी कमी करतं, एवढंच म्हणतोय. चिखलीतली भिंत तुम्हाला स्पष्ट सांगते, इथं राहू नका. कोरा प्लॉट एवढंही सांगत नाही.

अर्थात जुनं घरही पारखूनच घ्यावं. स्लॅबच्या खालच्या अंगाला तांबूस ओघळ आहेत, हातोडीनं ठोकलं की भद भद आवाज येतो, गिलावा पोपडे होऊन सुटलाय, असं घर सोडून द्यावं. ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं. त्याला लागणारे पैसे नव्या घराच्या गेटपेक्षा कमी असतात. वास्तुशास्त्राचं मी बोलत नाही. ज्या घरात तीन पिढ्या नांदल्या, त्याचं स्वयंपाकघर कुठल्या दिशेला होतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. आणि ज्याची स्वतःची, वाडवडिलांची जागा गावात मोकळी पडली आहे, त्यानं खुशाल बांधावं. त्याला पुराची रेघ आजीनं सांगितलेली असते. माझं भांडण आहे ते अनोळखी जमिनीवर आयुष्यभराचं कर्ज काढून 'हौस' म्हणवून घेणाऱ्यांशी.

भाच्याला मी दिवाळीत एवढंच म्हणालो होतो की विसार देऊ नकोस, आषाढापर्यंत थांब, आणि जे काय बघायचं ते पावसात बघ. तो थांबला. मित्राच्या नकाशातला प्लॉट त्यानं जुलैत जाऊन बघितला. म्हणजे लांबूनच बघितला, वाटेत चिखलात गाडी रुतली. गेल्या आठवड्यात उत्तरेश्वर पेठेच्या बाजूचं एक घर बघायला गेला. दुमजली, खाली दगडी जोतं, वर कौलं. घरात एक आज्जी आणि तिचा मुलगा. मुलगा म्हणत होता, आमच्याकडं पाणी कधी आलंच नाही. आज्जीनं त्याला हातानं गप्प केलं, काठी घेऊन दारापर्यंत आली आणि बाहेर पावसातच खाली बोट दाखवून म्हणाली, "एकवीस साली हितवर आलतं. तिसऱ्या पायरीला."

भाच्यानं तिथूनच फोन लावला. "मामा, घर आवडलंय. पण पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलेलं. काय करू?"

मी विचारलं, "पायऱ्या एकूण किती?"

पलीकडून पावसाचा आवाज येत राहिला. तो मोजत असावा.

"सात," तो म्हणाला.