खाऊ, खिचडी आणि आपण शहाणी माणसे

मुलांना नीट खायला शिकवले पाहिजे, असे हल्ली ज्याला त्याला वाटू लागले आहे. सभेत वाटते, पालकांच्या बैठकीत वाटते, लग्नाच्या पंगतीत तिसरी जिलेबी वाढून घेताना तर फारच वाटते. "आमचा बंड्या भाजीला शिवत नाही हो, तुम्ही मास्तर, जरा दोन शब्द सांगा त्याला," हे वाक्य मला वर्षातून पन्नास वेळा तरी ऐकावे लागते. सांगणाऱ्या वडिलांच्या स्वतःच्या ताटात पालेभाजी वाढली तशीच असते. बंड्याला दोन डोळे आहेत आणि ते वडिलांच्या ताटाकडे लागलेले आहेत, हे काही त्यांच्या ध्यानी येत नाही. वाचकहो, या बाबतीत शिकवणीची गरज मुलांना फार थोडी आहे. ती आहे घरातल्या कर्त्या माणसांना, आम्हां मास्तर लोकांना आणि मुंबईत बसून शिध्याचे आकडे ठरवणाऱ्यांना. फराळाच्या ताटापुढे बसून हे वाचणे जरा कडू लागेल. पण नरकचतुर्दशीला कारिट फोडून त्याचा कडू थेंब जिभेवर घ्यायची चाल आपल्याकडे आहेच की!

आधी भिंतीवरचा तक्ता घ्या. बहुतेक शाळांत 'समतोल आहारा'चा एक रंगीत तक्ता टांगलेला असतो. त्यावर लालचुटूक सफरचंद, द्राक्षांचा घोस आणि दुधाचा काठोकाठ पेला. मुलाने तो पाठ करायचा आणि परीक्षेत लिहून चार गुण मिळवायचे. गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या डोंगरातल्या पोराने त्या सफरचंदाचे करायचे काय? त्याच्या घरची नाचणी तक्त्यावर नाही. हुलगा नाही, शेवग्याचा पाला नाही, परसातला पोकळा नाही. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात त्याच्या निम्मेही नसते आणि पांढऱ्याशुभ्र तांदळात तर ते नावालाच. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. त्याचा आमच्याकडे दिसलेला परिणाम एवढाच, की शहरातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे आली. त्यांत नाचणी किती आणि मैदा किती, हे पाकिटाच्या पाठीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत चष्मा लावून वाचावे. नाचणीच्या भाकरीवरचा 'गरिबाचे खाणे' हा शिक्का मात्र पुसला गेलेला नाही, आणि तो मारणारे हात मुलांचे नव्हेत.

मुलांची जीभ मुळातच वाईट असते, असा आपला एक लाडका समज आहे. क्लारा डेव्हिस नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी शंभर वर्षांपूर्वी तो तपासून पाहिला. अंगावरून नुकतीच तोडलेली १५ मुले त्यांनी सांभाळली. त्यांच्यापुढे साधे, ताजे, वेगवेगळे पदार्थ ठेवायचे आणि मुलाने बोट दाखवील ते, हवे तेवढे खायचे. दाईने आग्रह करायचा नाही की नाकही मुरडायचे नाही. मुले धडधाकट वाढली. एकाला मुडदूस झाला होता. ते पोर आपण होऊन माशाच्या यकृताचे तेल पीत राहिले आणि हाडे सुधारल्यावर ते त्याने सोडून दिले. १९२८ आणि १९३९ मध्ये त्यांनी हे छापले, तेव्हा "पाहा, मुलांना सगळे कळते, त्यांना मागतील ते द्या" म्हणून पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. बाई स्वतः तितक्या भोळ्या नव्हत्या. खरी गोम पदार्थांच्या यादीत आहे, असे त्यांनीच सांगून ठेवले. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हते. मुलाने त्यातले काहीही निवडले तरी ते चांगलेच असणार होते!

म्हणजे ताटात काय यावे ते मोठ्यांनी ठरवायचे आणि त्यातले किती खावे ते मुलाने. आपण नेमके उलटे करतो. बाजारातून काय आणायचे ते चार वर्षांचे पोर दुकानात लोळण घेऊन ठरवते, आणि घरी आल्यावर किती खायचे ते आई पाठीत धपाटा घालून ठरवते. वर लाच असतेच: "भाजी संपव, मग चॉकलेट." लीअन बर्च या बाईंनी १९८० च्या सुमारास असल्या बक्षिसांचा बराच अभ्यास केला. जो पदार्थ बक्षीस म्हणून द्यावा तो मुलाला अधिक आवडू लागतो, आणि ज्याची जबरदस्ती करावी तो नावडता होतो, असे त्यांना आढळले. हे समजायला अमेरिकेला जावे लागते असे नाही. भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे इनाम, हा धडा आपण दिवसातून दोनदा गिरवून घेतो. पोरे हुशार, त्यांना तो लवकर पाठ होतो. नवी चव मुलाच्या अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. आपल्या घरात दुसऱ्याच दिवशी जाहीर होते, "आमच्या पिंट्याला कारले आवडत नाही." चारचौघांत एकदा जाहीर झाले, की पिंट्याला ते जन्मभर पाळावे लागते.

आता 'खाऊ'. हा आपल्या भाषेतला फार गोड शब्द. बाजारी लोकांनी तो आपल्या डोळ्यांदेखत पळवला. मामा आला की पाच रुपयांची पाकिटे, आजोबा फिरून आले की पाकिटे, वाढदिवसाला वर्गात साठ मुलांना पाकिटे. पूर्वी सगळे छानच होते असे मी म्हणत नाही. शाळेच्या फाटकाबाहेरच्या त्या बोराचिंचांवर माशा घोंघावत असत आणि म्हातारी चिल्लर मोजलेल्या हातानेच त्यांना मीठ लावी. पण बोर हे बोर होते. पिशवीतल्या कुरकुरीत वस्तूत कोणते धान्य आहे, ते निम्म्या मुलांना सांगता येत नाही आणि निम्म्या मास्तरांनाही. ३०० मिलिलिटर रंगीत सरबताच्या बाटलीत सहा-सात चमचे साखर असते. तेवढी चहात घातली तर आपणच पेला खाली ठेवू. दुधात घालायच्या पुडीचा डबा घेताना मात्र आपल्याला वाटते, की आपण बाळसे विकत घेतले. असल्या पेयांना 'आरोग्यपेय' म्हणण्यास कायद्यात आधारच नाही आणि त्या सदराखाली ती विकू नयेत, असे केंद्र सरकारने २०२४ च्या एप्रिलमध्ये ऑनलाइन दुकानदारांना बजावले. ज्या कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून दूध देतात, तिथल्या आयांना दुधाला 'ताकद' यावी म्हणून त्यात साखर आणि रंग कालवावासा वाटतो! म्हशीने हे ऐकले तर ती पान्हा चोरील.

कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्र सरकारने २०१७ च्या मे महिन्यात शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर, नूडल, पिझ्झा, केक, फसफसणारी पेये यांना बंदी केली. २०२० मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियम केला, की फार चरबी, साखर वा मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. ५० मीटर म्हणजे माझ्यासारख्या माणसाची साठ-सत्तर पावले. मोजून पाहावीत. कोणत्या शाळेबाहेर काय आढळेल ते मी लिहीत नाही. वाचक आपल्या पोराला सोडायला उद्या-परवा जातीलच. आणि नुसत्या टपरीवाल्याला का बोल लावावा? स्वातंत्र्यदिनी झेंडावंदन झाले की चॉकलेट वाटणारे आम्हीच, स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलाला बिस्किटांचा पुडा देणारेही आम्हीच.

खाणे शिकवायची आपली एक जुनी शाळा होती, तिचे नाव हादगा. नुकताच हस्त सरला, म्हणून आठवले. पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशा चढत्या. डबा झाकलेला, पोरींनी ओळखायचे. तिखट की गोड? भाजलेले की वाफवलेले? डाळीचे की तांदळाचे? ओळखता येऊ नये म्हणून घरची बाई डोके लढवून असा पदार्थ करी, की जो शेजारणीने स्वप्नातही आणला नसेल. ओळखण्यासाठी पोरींना पन्नास पदार्थांची नावे, वास आणि चवी ठाऊक असाव्या लागत. न आवडणारी उसळसुद्धा तिथे जिंकून खाल्ली जाई! एवढी वर्षे शिक्षणावरचे ग्रंथ चाळतो आहे. चवीचे याहून सरस पाठ्यपुस्तक मला दिसले नाही. आता खिरापतीलाही पाकिटे येतात. ती ओळखायला काय लागते? छापील नाव तर मूल आकाशातल्या फलकावरून वाचून आलेले असते.

हे झाले भरल्या पोटांचे. पुढचे लिहायला जरा जड जाते, कारण ते आमच्याच बिरादरीवर येते.

आपल्या शाळांतली खिचडी ही थट्टेची गोष्ट होऊन बसली आहे. "आम्ही मास्तर की आचारी?" हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत रोज विचारला जातो. तांदूळ मोजा, वह्या भरा, माहिती पाठवा. ही कटकट आहे आणि ती कमी व्हावी, हे मला मान्य. पण आमचा खरा राग वहीवर नसून खिचडीवर आहे, आणि तो मला मान्य नाही. तमिळनाडूत कामराजांनी १९५६ साली शाळेत जेवण सुरू केले. आपल्याकडे १९९५ च्या १५ ऑगस्टला देशभरची योजना आली ती कोरड्या धान्याची. शिजवलेले अन्न द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला २००१ च्या २८ नोव्हेंबरला हुकूम करून सांगावे लागले. कोल्हापूरकरांना हे सांगायला न्यायालय लागायला नको होते. शाहू महाराजांनी सक्तीचे, मोफत प्राथमिक शिक्षण आणले ते १९१७ मध्ये. मराठा बोर्डिंग उघडले १९०१ मध्ये. बोर्डिंग आधी, सक्ती मागून! भाकरीची सोय नसलेल्या पोराला पुस्तक देऊन उपयोग नाही, हे राजाला सोळा वर्षे आधी कळले होते. ज्यांना गावात वार लावून जेवायला कोणी बोलावणार नव्हते, त्यांच्यासाठी त्याने पंगत मांडली. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातले धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. आणि आम्ही म्हणतो, तांदूळ मोजायचा त्रास होतो.

पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. म्हणजे निम्मे काम एकट्या अंड्याचे. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. न खाणाऱ्याला केळे. कोणाच्या धर्माला धक्का नाही, कोणावर सक्ती नाही. २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे देणे थांबवले आणि हवे तर लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितले. लोकवर्गणीतून गणपती होतो, अंडी होत नाहीत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातली पाच वर्षांखालची शंभरांतली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी भरली. खाशबागेच्या मैदानावर मल्लाच्या बदामाची आणि तुपाची चर्चा करणारे आपण, पोराच्या एका अंड्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही.

शिवाय खिचडीची चव. ती बेचव असते म्हणतात. वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखावी असा नियम आहे, आणि आम्ही चमचाभर चाखतो. जपानात मास्तर वर्गात मुलांबरोबर बसून तेच जेवण जेवतो. वाढपी मुलेच असतात. आमच्या राज्यात सगळ्या मास्तरांनी एक महिना तीच खिचडी पोटभर खाल्ली, तर फोडणीला कढीपत्ता आपोआप येईल. शिजवणाऱ्या बाईंचे मानधन २०२३ मध्ये वाढून महिना २,५०० रुपये झाले. त्याआधी ते दीड हजार होते. एवढ्या पैशांत तिने धूर खायचा आणि वर बोल ऐकायचे. तिची जात पाहून मुलांचे ताट काढून घेणारे पालक या देशात अजून निघतात. गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा पीत, ही गोष्ट आम्ही शाहू जयंतीला मोठ्या रंगात सांगतो.

मग राहते डब्याचे वेळापत्रक. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी मोड आलेले कडधान्य, बुधवारी फळ. बऱ्याच शाळा असा कागद घरी पाठवतात. हेतू चांगला आहे. पण इचलकरंजीत पाळीवर जाणाऱ्या बाईने बुधवारचे फळ शनिवारच्या पगाराआधी कुठून आणावे? तिच्या पोराने भाकरी आणि खर्डा आणला, की वर्गात "आज फळ होते ना?" म्हणून त्याला उभे करायचे. आहाराचे शिक्षण म्हणून जे चालते, त्यातले निम्मे हे असे गरिबाला लाजवणे असते. सवय रोज मिळणाऱ्या वस्तूचीच लागते. कधीतरी दिसणाऱ्या वस्तूचे नुसते डोहाळे लागतात.

दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यात कारखान्यांची धुराडी पेटतात. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, शिवारात कोप्या पडतात. मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, पुढे मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. तरी पुष्कळ मुले बापाच्या मागून येतातच. आपल्या करंजीतली साखर ज्यांच्या आईबापांच्या कोयत्यातून निघते ती ही मुले. सकाळी काळा चहा, दिवसभर हातात उसाचे कांडे. हाकेच्या अंतरावरच्या शाळेत दुपारी खिचडी शिजते. पण पटावर नाव नसलेल्या पोराचे ताट कोणत्या रकान्यात मांडायचे, हे वहीत छापलेले नाही. माझ्या शिक्षकबंधूंना मी विचारतो: सुट्टी संपवून शाळा उघडाल, तेव्हा कुंपणाशी उभी असलेली ती चार पोरे आत बोलावणार आहात की नाही?