जादूटोणाविरोधी विधेयक कामकाजात आधी घेण्याबाबत निवेदन

दि. 9 डिसेंबर 2013, नागपूर

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा
मा. सभापती, महाराष्ट्र विधान परिषद

विषय : जादूटोणाविरोधी अध्यादेशाची जागा घेणारे विधेयक याच आठवड्यात चर्चेला घेण्याबाबत.

महोदय,

20 ऑगस्ट रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच राज्यपालांनी अध्यादेश काढला. राज्यघटनेच्या अनुच्छेद 213 नुसार अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश संपतो. आज कामकाज सुरू झाले, म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तो संपेल. अर्थसंकल्पी अधिवेशन त्यानंतरचे. म्हणून जे करायचे ते इथेच, नागपुरात.

पुन्हा अध्यादेश काढू, असे कोणी सुचवल्यास तो मार्ग नको. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारमधल्या असल्या पुनःपुन्हा काढलेल्या अध्यादेशांविरुद्ध दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये ती प्रथा घटनेशी प्रतारणा ठरवली.

आम्हाला धास्ती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. डिसेंबर 2005 मध्ये विधानसभेने असेच विधेयक मंजूर केले होते. ते परिषदेत अडकले ते अडकलेच, आणि कायदा काही झाला नाही. अधिवेशनाच्या शेवटच्या दोन दिवसांत विधेयक परिषदेकडे धाडले तर या वेळीही तेच होईल.

म्हणून आमची मागणी अशी : कामकाज सल्लागार समितीने क्रम बदलून हे विधेयक विधानसभेत याच आठवड्यात घ्यावे, आणि परिषदेला पुढचा पूर्ण आठवडा मिळावा. वेळ कमी पडल्यास बैठक रात्री उशिरापर्यंत चालवावी. मात्र प्रश्नोत्तराचा तास रद्द करू नये. तो विरोधी सदस्यांचा हक्क आहे, आणि घाईची किंमत त्यांनी का मोजावी?

घाई म्हणजे गदारोळात आवाजी मतदान नव्हे. वारकरी मंडळींच्या मनातील शंकांना सभागृहात उत्तर मिळावे, अनुसूचीतल्या एकेका प्रथेवर बोलले जावे. ज्यांना दुरुस्त्या सुचवायच्या आहेत त्यांना त्या मांडू द्याव्यात. अठरा वर्षे वाट पाहिलेल्यांना आणखी दोन रात्री जागायला हरकत नाही.

दोन्ही सभागृहांच्या कामकाजाचा बदललेला क्रम उद्याच जाहीर व्हावा, ही विनंती.

आपले,
पुणे, सातारा व नागपूर येथील नागरिक