धरणाचा साठा सांगता, मग मागणीही सांगा

माझी सगळी नोकरी मांजरा खोऱ्यात कालवा निरीक्षक म्हणून झाली. 15 ऑक्टोबरचा साठा धरून कालवा सल्लागार समिती बसायची आणि रब्बीला, उन्हाळ्याला किती आवर्तनं सोडायची ते ठरायचं. धरणात पाणी किती, हे पट्टी वाचली की कळायचं. मागणी मात्र नमुना 7 च्या अर्जांवरून धरली जायची. जलाशयाच्या फुगवट्यात टाकलेल्या मोटारी, कालव्यालगतच्या विहिरी, बोअर यांचा उपसा त्या अर्जांत कुठून दिसणार?

त्यात ऊस. हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि त्याचं पाणी तिथेच संपतं. ऊस वर्षभर उभा राहतो. आज लावलेल्या उसात पुढच्या जूनचा पाऊस आधीच खर्ची टाकलेला असतो, आणि मराठवाड्यात तो जूनमध्ये येईलच याची हमी कुणीही देऊ शकत नाही. तरीही नियोजन सरासरी पावसावर चालतं.

सलग दोन पावसाळे हुकले आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणींतून 5 लाख लिटर आलं. ती टंचाई एप्रिलमध्ये उगवलेली नव्हती. आदल्या वर्षीचा पावसाळा सरला, तेव्हाच ती धरणात दिसत होती.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पाऊसकाळ संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. माणसांचं, जनावरांचं पाणी आधी बाजूला काढून उरलेल्यावर पिकं ठरतात. ऊस घेत नाहीत, शेतीसाठी बोअर पाडत नाहीत.

एका गावाला जमलं ते धरणाच्या लाभक्षेत्राला जमणार नाही, असं मला अनेकांनी ऐकवलं. मला ते पटत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या पातळ्या आहेत. वीज कंपनीकडे कृषिपंपांच्या जोडण्या आहेत, साखर कारखान्यांकडे उसाच्या नोंदी आहेत. हे कागद एका टेबलावर आले, तर खऱ्या मागणीचा बराच जवळचा अंदाज बांधता येतो. अडतं ते हे कागद एकत्र आणण्यापाशी, कारण मग कुणाचा ऊस किती हेही चव्हाट्यावर येतं.

येत्या 15 ऑक्टोबरला साठ्याच्या शेजारी ही मागणीही जाहीर व्हावी. पाऊस लांबेल असं धरून ऑगस्टअखेरपर्यंतचं पिण्याचं पाणी राखावं, मगच आवर्तनं ठरवावीत. आणि शेतकरी बांधवांनो, उसाचं बेणं ठरवण्याआधी हा आकडा समितीकडे लेखी मागा.