विश्लेषण : घरच्या मैदानावर एकही सामना न खेळता विजेतेपद! ‘मुंबई सिटी’चा करोनाकाळातील हंगाम आज का आठवायचा?

१३ मार्च २०२१ची रात्र. मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने चेंडू जाळ्यात मारला आणि मुंबई सिटी एफसी पहिल्यांदाच इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) विजेता झाला. एटीके मोहन बागानविरुद्ध निकाल २-१. गोलनंतर जो जल्लोष ऐकू आला तो ध्वनिक्षेपकातून सोडलेला होता. खुर्च्या रिकाम्या होत्या. घरी बसलेले काही चाहते मैदानाकडेच्या मोठ्या पडद्यांवर छोट्या चौकटींत हात हलवत होते.

मी तो सामना नंदुरबारला घरी, मोबाइलवर पाहिला. इंजिनीअरिंगचे शेवटचे वर्ष ऑनलाइन चालू होते, त्यामुळे दिवसभराच्या तासिकांतून उरेल तेवढ्या डेटावर संध्याकाळचे फुटबॉल भागवावे लागे. अंतिम सामन्यात नेमके ८५व्या मिनिटाला चक्र फिरू लागले. गोल मला मित्राच्या मेसेजवरून कळला, नंतर दिसला.

आता हे सगळे उगाळायचे कारण काय? कारण भारतीय फुटबॉलची सध्याची पडझड समजून घ्यायची असेल तर तिचे धागे त्या रिकाम्या खुर्च्यांपर्यंत जातात, असे मला वाटते. करोनाने आपल्या क्लबांना बुडवले, असे सर्रास म्हटले जाते. मुंबई सिटीच्या बाबतीत घडले ते वेगळे आणि जरा अडचणीचे आहे.

हंगाम विस्कळीत झाला म्हणजे नेमके काय झाले?

मुंबई सिटीने अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनावर फेब्रुवारी २०२० मध्ये सामना खेळला, तो करोनापूर्वीचा शेवटचा. मार्चमध्ये देशातील चित्र भराभर बदलले. १४ मार्च २०२०चा आयएसएल अंतिम सामना (एटीके ३, चेन्नईयन १) फातोर्डातच, पण बंद दाराआड झाला. आय-लीग अर्ध्यावर थांबली. चार फेऱ्या बाकी असतानाच विजेतेपद नक्की केलेल्या मोहन बागानला एप्रिलमध्ये विजेता जाहीर करण्यात आले.

पुढच्या हंगामासाठी आयोजकांनी सगळी लीगच गोव्यात नेली. २० नोव्हेंबर २०२० पासून ११ संघ, ११५ सामने, तीन मैदाने : मडगावचे फातोर्डा, बांबोळीचे जीएमसी आणि वास्कोचे टिळक मैदान. खेळाडूंनी हॉटेल, सरावाचे मैदान आणि सामन्याचे मैदान या त्रिकोणाबाहेर पाऊल टाकायचे नाही. आल्यावर विलगीकरण, मग चाचण्यांचे सत्र. एका सामन्यात पाच बदली खेळाडू वापरण्याची मुभा. याला ‘बायो-बबल’ म्हटले गेले. वसतिगृहात राहिलेल्यांना त्याचा अर्थ समजवायला नको. फक्त या वसतिगृहातून रविवारीही सुट्टी नव्हती.

कागदावर मात्र ‘घरचा’ आणि ‘बाहेरचा’ सामना ही विभागणी कायम होती. मुंबईचा ‘घरचा’ सामना बांबोळीला! हा विनोद वाटेल, पण त्याचा थेट परिणाम नियमांवर झाला. उपांत्य फेरीत एफसी गोवाविरुद्ध पहिली लढत २-२ आणि दुसरी ०-० अशी सुटली. पहिली लढत गोव्याची ‘घरची’ होती. परक्या मैदानावरील गोलला जास्त वजन देण्याचा जुना नियम लागू असता तर मुंबई तिथेच पुढे गेली असती. पण सगळेच परके म्हटल्यावर तो नियम लावणार कुणाला? तो त्या हंगामात नव्हता. सामना पेनल्टीपर्यंत गेला. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी शूटआऊटच्या तोंडावर कर्णधार आणि गोलरक्षक अमरिंदर सिंगला बाहेर काढून फुर्बा लाचेनपाला उतरवले. मुंबई ६-५ने जिंकली आणि निर्णायक पेनल्टी मारली रॉलिन बोर्जेसने, जो मूळचा गोव्याचाच.

साखळी फेरीतही असेच काट्यावर झाले. मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचे २० सामन्यांत ४० गुण. शेवटच्या साखळी सामन्यात, २८ फेब्रुवारीला, मुंबईने त्यांना २-० हरवले आणि आपसांतील लढतींच्या जोरावर लीग शील्डही मिळवली. एकाच हंगामात शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकणारा हा पहिला क्लब. अशा हंगामानंतर अंधेरीत मिरवणूक निघायला हवी होती.

मग बिघडले कुठे?

माझे मत असे : त्या हंगामाचे यश हाच त्याचा तोटा ठरला.

क्लब हा शब्द आपण सैलपणे वापरतो. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ किंवा दिलबहार म्हटले की एक पेठ, एक गल्ली, शाहू स्टेडियमच्या पायऱ्या आणि पिढीजात भांडणे डोळ्यांसमोर येतात. तिथला मोसम थांबला की पेठेला चुकल्यासारखे होते. व्यावसायिक क्लबचे उलट. त्याचा खर्च मालक उचलतो, सामने वाहिनी दाखवते, तिकिटांचा वाटा लहान. करोनाने याचा जणू प्रयोगच करून दाखवला. शहर काढून घेतले, प्रेक्षक काढून घेतले, घरचे मैदान काढून घेतले आणि तरीही ११५ पैकी ११५ सामने झाले. क्लबने दोन चषकही जिंकले. म्हणजे ज्याला आपण पाया समजत होतो त्याच्यावर इमारतीचा भार नव्हताच. इंजिनीअरिंगच्या भाषेत तो खांब नव्हता, नक्षी होती.

खरा भार होता मालकाच्या खिशावर आणि एका करारावर.

हे नवे नाही, म्हणून जास्त टोचते. महाराष्ट्रातील व्यावसायिक क्लबांची यादी आठवून पाहा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी गेला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये संपला. मुंबई एफसी त्याच वर्षी आय-लीगमधून खाली घसरला आणि मग दिसेनासा झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. त्याची जागा हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये ती हैदराबादहून दिल्लीला. यांपैकी एकालाही विषाणूने गाठले नव्हते.

जानेवारी २०२२ : नियम कुणासाठी वाकले?

दुसरा हंगामही, २०२१-२२चा, गोव्यातच झाला. तिसऱ्या लाटेत बबलच्या आत विषाणू शिरला. एकामागून एक संघ खोल्यांत बंद झाले, सामने पुढे ढकलले गेले. १६ जानेवारीचा केरळ ब्लास्टर्स विरुद्ध मुंबई सिटी हा त्यांतलाच एक. आयोजकांनी वेळापत्रक पुन्हा पुन्हा मांडले आणि मार्चपर्यंत स्पर्धा रेटली. मुंबई पाचवी आली, बाद फेरी हुकली. २० मार्च २०२२च्या अंतिम सामन्याला प्रेक्षक परतले. हैदराबादने केरळला पेनल्टीवर हरवले आणि त्या विजेत्या चमूत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याहून गेलेली जागा, कोल्हापूरचा मुलगा. असो.

त्याच जानेवारीत, आपल्याच राज्यात, दुसरी गोष्ट घडत होती. महिलांची आशियाई करंडक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होती. यजमान भारताने २० जानेवारीला इराणशी ०-० बरोबरी केली. २३ तारखेला डी. वाय. पाटील स्टेडियमवर चायनीज तैपेईविरुद्ध सामना होता. संघातल्या १२ खेळाडू बाधित निघाल्या. नियमाप्रमाणे किमान १३ खेळाडूंची यादी देणे भाग होते, ती देता आली नाही. सामना रद्द. नुसता सामना नव्हे. भारताने स्पर्धेतूनच माघार घेतल्याचे मानले गेले आणि इराणशी झालेली बरोबरीही बाद ठरली. या स्पर्धेतून २०२३च्या विश्वचषकाचे दार उघडत होते.

पुरुषांच्या लीगमधला सामना पुढे ढकलता येत होता, कारण त्यामागे प्रक्षेपणाचा पूर्ण हंगाम उभा होता. महिला संघासाठी चार दिवसही मिळाले नाहीत. आशियाई महासंघाचे नियम आधीच लिहिलेले होते, हे मान्य. दोन स्पर्धांची रचना वेगळी, हेही मान्य. तरी करोनाकाळातील फुटबॉलचा हिशेब मांडताना मुंबई सिटीचे दोन चषक पहिल्या ओळीत येतात आणि यजमानाला घरच्या मैदानावरून बाहेर काढणारी ही घटना तळटीपेत जाते, याचे वाईट वाटते. गंमत म्हणा की दुर्दैव, बबलमधून सुखरूप बाहेर पडलेल्या क्लबचे नाव मुंबई आणि बबलमध्ये अडकलेल्या संघाचा सामनाही मुंबईलगतचाच.

बबलच्या बाहेर काय चालले होते?

बांबोळीचे मैदान गोवा मेडिकल कॉलेजच्या नावाने ओळखले जाते आणि ते रुग्णालय तिथून हाकेच्या अंतरावर. फेब्रुवारीत तिथे शील्ड उंचावली गेली. मे २०२१ मध्ये त्याच रुग्णालयात मध्यरात्रीनंतरच्या तासांत प्राणवायूचा पुरवठा खालावून रुग्ण दगावत असल्याचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारण संबंध नाही, तो कुणी जोडूही नये. पण त्यामधल्या एप्रिलमध्ये, दुसरी लाट चढत असताना, फातोर्डात आशियाई चॅम्पियन्स लीगचे सामने चालू होते. एफसी गोवा या स्पर्धेच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब. एदू बेदियाने इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध गोल केला, तोही ऐतिहासिक. मी तो पाहिला आणि लगेच फोन बाजूला ठेवला, कारण त्याच फोनवर बेड कुठे मिळेल असे विचारणारे मेसेज येत होते.

त्या दिवसांत नंदुरबारचे नाव देशभर गेले ते वेगळ्याच कारणाने. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने पहिल्या लाटेतच जिल्ह्यात प्राणवायू निर्मितीचा प्रकल्प उभा राहिला होता, नंतर आणखी. दुसऱ्या लाटेत मोठी शहरे टँकरची वाट पाहत असताना धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांचा हा जिल्हा स्वतःपुरता प्राणवायू तयार करत होता. बाहेरून येणारा पुरवठा तुटला तर काय, हा प्रश्न इथे आधी विचारला गेला. हाच प्रश्न आपल्या फुटबॉलला कुणी विचारला नाही.

आता तरी विचारला जातोय का?

उशिरा आणि नाइलाजाने. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी दिले होते. तो करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार, हे पंधरा वर्षे सगळ्यांना माहीत होते. तरीही जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी नूतनीकरण झालेले नाही म्हणून पुढचा हंगाम थांबवून ठेवला. क्लब, खेळाडू, कर्मचारी महिनोन्महिने ताटकळले. मुंबई सिटीत २०१९ मध्ये मोठा हिस्सा घेणारा सिटी फुटबॉल ग्रुप, ज्याच्याकडे मँचेस्टर सिटी आहे, तो डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला. दोन लाटा आणि एक बबल पचवणारी लीग एका कागदाच्या मुदतीपुढे अडली.

इंग्लंडमध्येही मार्च २०२० मध्ये लीग थांबली होती, जूनमध्ये रिकाम्या मैदानांत सुरू झाली. जर्मनीत प्रेक्षक नसताना घरच्या संघांचे विजय घटल्याचे आकड्यांत दिसले. तिथे प्रेक्षक परत आले तेव्हा क्लबांनी त्यांना हंगामी तिकिटे, सवलती देऊन परत बांधून घेतले; कारण त्यांच्याशिवाय ताळेबंद जुळत नाही. आपल्याकडे ताळेबंद प्रेक्षकांसह जुळत नव्हता आणि प्रेक्षकांविनाही जुळत नव्हता. त्यामुळे त्यांना बांधून घेण्याची निकड कुणालाच वाटली नाही. सभासदत्व, शाळांमधले संघ, जिल्ह्यांतले सामने हे सगळे ‘पुढच्या टप्प्यात’ राहिले.

यावर कुणी म्हणेल, नंदुरबारमध्ये बसून मुंबईच्या क्लबची एवढी चिंता कशाला? रास्त प्रश्न आहे. इथून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास, सुरत जवळचे. आमच्यासाठी अंधेरीचे स्टेडियम करोनाच्या आधीही बंदच होते. पण म्हणूनच सांगतो. त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच अंधेरीचा चाहता आणि शहाद्याचा चाहता एका पातळीवर आले, दोघांच्याही हातात फोनच. क्लबला तेव्हा कळायला हवे होते की आपले प्रेक्षक सात-आठ हजार खुर्च्यांपेक्षा जास्त आहेत आणि ते मुंबईबाहेरही आहेत. एखादा सराव सामना नाशिकला, एखादे शिबिर धुळ्याला, एवढ्याने सुरुवात झाली असती.

मुंबई सिटी अंधेरीत परतली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधल्या काळात क्लबने आयएसएलचे ४३ सामने गोव्यात खेळले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी सौदी अरेबियातील रियाधपर्यंत जाऊन आला. तिथे एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही त्याने मिळवला. अंधेरीतल्या त्या पहिल्या सामन्याचे तिकीट मी काढणार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती, परतीची गाडी वेळेत पोहोचवणार नव्हती. सामना पुन्हा मोबाइलवरच पाहिला. या वेळी आवाज मात्र खरा होता.