लाठीमार केला की करावा लागला?

१ नोव्हेंबरच्या सकाळी एचएसआर लेआउटमध्ये फिरायला निघालात, तर रिक्षांवर लाल-पिवळे झेंडे दिसतील. आमच्या सोसायटीच्या गेटवरही एक लागतो. राज्योत्सव! तोवर माझ्या फोनवर बेळगावच्या मामेभावाने तिथल्या मराठी पेपरच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलेला असतो. त्यावर ठळक अक्षरांत 'काळा दिन'.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने दोन्ही पाहिलं आणि विचारलं, "बाबा, यातलं खरं कोणतं?"

दोन्ही खरं आहे. १९५६ साली याच तारखेला कन्नडभाषक प्रदेश एका राज्यात आले आणि त्याच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून त्या राज्यात गेलं. एकाच्या घरी बारसं, दुसऱ्याच्या घरी ताटातूट. मराठीने तर क्रियापदंही वेगळी ठेवली आहेत. राज्योत्सव 'साजरा' करतात, काळा दिन 'पाळतात', सुतक पाळावं तसा.

मग आम्ही शेजारच्या अज्जींचा कन्नड पेपर मागून आणला. मुलीला कन्नड वाचता येतं, मला अज्जींनी समजावलं. आपण ज्याला 'सीमाप्रश्न' म्हणतो, त्याला तिथे 'गडी विवाद' म्हणतात. प्रश्न म्हटला की उत्तर बाकी आहे असं वाटतं. विवाद म्हटलं की कुणीतरी उगाच भांडतंय. महाराष्ट्र २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तो 'दावा' घेऊन. पण आपल्या मथळ्यांत तो बहुधा 'हक्क' होऊनच येतो. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या आंदोलनाला कन्नड बातम्यांत 'पुंडाटिके', म्हणजे गुंडगिरी, हा शब्द सर्रास दिसतो. मराठी पेपर प्रशासनाच्या कारवाईला 'दडपशाही' म्हणतात. या दोन शब्दांनंतर वाचकाला ठरवायला काही उरतच नाही.

पण हे शब्द निदान उघडपणे बाजू घेतात. मला जास्त भीती वाटते ती साध्या दिसणाऱ्या वाक्यांची. समजा, एखाद्या फेरीत लाठ्या चालल्या. आता ही चार वाक्यं बघा:

पोलिसांनी लाठीमार केला.
पोलिसांना लाठीमार करावा लागला.
पोलिसांकडून सौम्य लाठीमार.
निःशस्त्र तरुणांवर लाठीहल्ला.

घटना तीच. पण दुसऱ्या वाक्यातल्या 'लागला'ने सगळी जबाबदारी जमावावर ढकलली. पोलिसांचा बिचाऱ्यांचा नाइलाज! तिसऱ्यातला 'सौम्य' तुम्ही हजारदा वाचला असेल. कन्नडमध्येही त्याचा सख्खा भाऊ आहे, 'लघु लाठी प्रहार'. सौम्य होता की नव्हता हे बहुतेक वेळा पोलीसच सांगतात, ज्याच्या पाठीवर बसला त्याला कुणी विचारत नाही. चौथ्यात 'मार'चा 'हल्ला' झाला आणि पोलीस वाक्यातून गायबच झाले, तरी राग त्यांचाच येतो. पहिलं वाक्य मला त्यातल्या त्यात बरं वाटतं, पण तेही लाठीमार का झाला हे सांगत नाही.

मामेभाऊ म्हणतो, "आमचा पेपर आमच्यासाठीच आहे. काळी फीत लावून सायकल फेरीत जाणाऱ्याला बळ नको का द्यायला?" पटतं मला ते. त्याच पेपरात भाजीचे दर अगदी कोरडेपणाने छापलेले असतात, कारण तिथे कुणाला बळ द्यायचं नसतं, माहिती द्यायची असते. गोंधळ होतो तो बळ देणारा मजकूर आपण माहिती म्हणून पुढे पाठवतो तेव्हा.

गावाचं नावही यातून सुटत नाही. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारी कागदांवर 'बेळगावी' आणि 'बेंगळुरू' ही नावं आली. मी 'बेंगळुरू' सहज लिहितो, 'बेळगावी' लिहिताना मात्र बोट अडतं. आजोळ आहे ना!

शेवटी मुलीला म्हटलं, "तूच लिही बातमी, मामाला आणि अज्जींना दोघांना चालेल अशी." तिने बराच वेळ खाडाखोड करून लिहिलं: 'फेरीत घोषणा दिल्या गेल्या. काही जणांनी अडथळे ओलांडले. पोलिसांनी लाठ्या मारल्या. पाच जण जखमी झाले.'

मामेभावाचं उत्तर लगेच आलं. "एवढंच?"

अज्जींना तिने कन्नडमध्ये वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "अडथळे ओलांडणारे कोण होते, ते का नाही लिहिलंस?"